टेबल गेलं, डिव्ह आले

सीएसएस या वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत ग्रिड (पान रकान्या-ओळींत मांडायची सोय) आल्यापासून लेआउटचं, म्हणजे मांडणीचं, दुखणं संपलं, असं म्हणतात. लेआउटपुरतं पटतं. सीएसएसची पहिली शिफारस (म्हणजे अधिकृत मानक) १९९६ ची, तरी पुढे कित्येक वर्षं टेबलात टेबल (मुळात तक्त्यांसाठीचा टॅग) घालूनच पानं उभी राहत होती. एका पिक्सेलची पारदर्शक जिफ, म्हणजे चित्राची फाइल, ताणून मध्ये जागा सोडायची. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत ग्रिड आलं आणि तीन रकान्यांचं पान दोन-चार ओळींत बसलं. तो आनंद अजून आठवतो.

पण टेबलांची जागा आता डिव्हांनी, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या नुसत्या चौकटींच्या टॅगांनी, घेतली, हे मला जास्त खटकतं. परवा एका फॉर्मचं 'पाठवा' बटण तपासत होतो. दिसायला सुरेख, पण कीबोर्डवर टॅब दाबला की फोकस (कीबोर्डनं निवडलेली जागा) त्याला वगळून पुढे! आत पाहिलं तर नुसत्या डिव्हला क्लिक जोडलेला. माउस न वापरणाऱ्याला तो फॉर्म पाठवताच आला नसता. साधा बटन टॅग घातला आणि फोकस, एंटर, स्पेस, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ओळख, सगळं आपोआप मिळालं.

सर्न या संशोधन संस्थेतल्या, जगातल्या पहिल्या संकेतस्थळाची जुनी प्रत आजच्या फोनवरही उघडते, कारण तिथे निव्वळ एचटीएमएल, म्हणजे अर्थ सांगणाऱ्या टॅगांतला मजकूर, आहे. फ्रेमवर्क (संकेतस्थळ बांधायचे तयार कोड-साचे) शिकायला आलेल्यांना मी आधी तेच पान दाखवतो.