डोक्याच्या कोनांवर बोल्टची ताकद ठरत नाही

बारा कोनी डोक्याचा बोल्ट सहा कोनीपेक्षा मुळातच मजबूत असतो, म्हणून तो इंजिनात वापरतात, असे मत अनेकदा मांडले जाते; ते मला पटत नाही. ताण सहन करतात ते दांडी आणि आटे. त्यांची प्रत डोक्यावरच्या १०.९ किंवा १२.९ अशा आकड्यांवरून कळते. बारा कोनांचा खरा फायदा जागेचा आहे: तेवढ्याच जाडीच्या दांडीवर डोके लहान ठेवता येते, त्यामुळे कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या) कॅपसारख्या अडचणीच्या जागी गोटी पाना बसतो आणि वाचलेली जागा खालच्या रुंद फ्लँजला (डोक्याच्या तळाशी असलेल्या चकतीसारख्या कडेला) मिळते. हा फ्लँज शोभेचा नव्हे. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या, म्हणजे या फ्लँजच्या, घर्षणातच जातो, बराचसा आट्यांत मुरतो आणि दांडी ताणायला जेमतेम १० टक्के उरतो. म्हणून टॉर्क रेंचचा (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याचा) आकडा बरोबर असूनही डोक्याखालचा पृष्ठभाग कोरडा की तेलकट, यावर प्रत्यक्ष पकड बदलते.

डोक्याला आतून खाच असलेल्या बोल्टांचा विषय मात्र सहसा कोणी काढत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक इंजिनांत हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) बोल्टांना बारा टोकांची खाच असते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये हेड उतरवण्यापूर्वी त्या खाचेत साचलेला जळक्या तेलाचा थर टोच्याने खरवडून काढतात, कारण बिट (खाचेत बसणारे पान्याचे टोक) तळापर्यंत बसली नाही तर खाचेच्या कडा झिजतात. घाईत सहा टोकांची टॉर्क्स बिट वापरली, तरीही तीच गत होते. ती बसल्यासारखी वाटते, एवढेच.