पाटी बदलली की
"नुसती खळबळ माजवायची, यात कला कुठे आली?" असं तुम्ही विचारलंत, म्हणून तुर्की कलाकार शुक्रान मोरालचं एक काम सांगते. १९९७ साली तिने इस्तंबूलच्या एका कुंटणखान्यावर ‘आधुनिक कला संग्रहालय’ अशी पाटी लावली आणि हातात ‘विक्रीसाठी’चा फलक धरून स्वतःच तिथे उभी राहिली. बाईच्या देहाचा बाजार आणि कलेचा बाजार, दोन्ही एकाच काठीने झोडपले! त्याच वर्षी ती पुरुषांच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, जाऊन बसली. पुढे २०१० मध्ये आग्नेय तुर्कस्तानातल्या मार्दिनकडच्या खेड्यात नवरीच्या वेशात तीन तरुणांशी ‘लग्न’ लावलं. तीन बायका करणाऱ्या पुरुषाकडे लोक असे टकामका बघतात का? मला मात्र ती पाटीच जास्त आवडते.