‘फिरंगी’ म्हणजे फिरणारा? आवरा आता!

मोडीवेडा: सकाळपासून तीच पोस्ट सगळीकडून येतेय: ‘देशोदेशी फिरतो तो फिरंगी, केवढी ही पूर्वजांची प्रतिभा!’ अहो, शब्द दिसला तसा तोडायचा नसतो. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी पश्चिम युरोपातल्या झाडून सगळ्यांना फ्रँक लोकांच्या नावाने ‘इफ्रंज’ म्हटलं. फारसीत त्याचं ‘फरंग’ झालं आणि तिथून ते आपल्याकडे आलं. शिवाय मराठी कागदांत फिरंगी म्हणजे कुणीही गोरा नव्हे. आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी वेगवेगळी नावं आहेत; सगळे मिळून टोपीकर. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती फिरंग्यांकडून. इतकी बारीक नजर असलेल्या लोकांच्या गळ्यात ही ‘फिरणारा’ची कोटी कशाला मारता?

घाटवाट: पण लोकांना शब्द आपला वाटला तर बिघडलं कुठे? प्रत्येक वेळी अरबी-फारसीच्या दारात नेऊन उभं करायलाच हवं का?

मोडीवेडा: हवं. तो तिथूनच आलाय म्हणून.

काढाचूर्ण: भावप्रकाश या सोळाव्या शतकातल्या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘फिरंगरोग’ आहे, म्हणजे सिफिलिस, गुप्तरोग. फिरंग्यांबरोबर आला म्हणून रोगालाही त्यांचंच नाव. आणि युरोपी पात्याची सरळ तलवार ती फिरंग. म्हणजे रोगही त्यांचा, पोलादही त्यांचं. या शब्दात नुसता तिरस्कार शोधणाऱ्यांनी हेही बघावं.

नर्मदापार: तुमचं तलवारींचं चालू द्या. माझं आडनाव परदेशी. घराणं उत्तरेतून आलं त्याला कित्येक पिढ्या झाल्या, घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. तरी शाळेत हजेरी घेताना बाई दर वर्षी विचारायच्या, ‘मूळचे कुठले रे तुम्ही?’ अख्खा वर्ग मागे वळून बघायचा. फिरंगी निघून गेले, आम्ही अजून परदेशीच.

घाटवाट: आडनावावरून कसलं रडायचं? मूळ गाव आम्हालाही विचारतात.

नर्मदापार: तुम्हाला ओळख काढायला विचारतात, मला परका ठरवायला. हा फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

मोडीवेडा: दमानं घ्या दोघेही. जुन्या मराठीत ‘देश’ म्हणजे आपला मुलूख. घाटावरचा तो देश, तिथला तो देशस्थ. मुलखाबाहेरचा तो परदेशी. त्यात शिवी नव्हती.

नर्मदापार: शब्दात नसेल, बाईंच्या आवाजात होती. तुमच्या दप्तरात आवाज नोंदवलेला नसतो.

काढाचूर्ण: हे मात्र खरं. ‘यवन’चंच बघा. आयोनियातल्या ग्रीकांवरून आलेला शब्द. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट या प्राचीन गावच्या यवनांनी दान केलेले खांब आहेत, त्यावर त्यांची नावं मानाने कोरलीत. तोच शब्द पुढे मुसलमानांसाठी वापरला गेला, आणि आज कुणी तो कुठल्या सुरात उच्चारतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

घाटवाट: बरं, फिरंगीचा ‘फिरण्या’शी संबंध नाही, एवढं मानतो. मीही टाकलेली ती पोस्ट काढणार नाही, खाली दुरुस्ती टाकतो. पण आडनावाचा विषय इथे उगाच घुसडलाय, हे माझं मत कायम आहे.

नर्मदापार: ‘बाहेरचा’ कुणाला म्हणायचं यावरच धागा आहे ना? मग मी नाही तर कोण बोलणार?

मोडीवेडा: बोला तुम्ही. आणि घाटवाट, दुरुस्ती खाली नको, पोस्टच्या वर टाका. खालचं कुणी वाचत नाही.