प्रतिसाद: विसावा हवाय की सोबत?

वर एका ताईंनी विचारलंय, बायकांनी रिट्रीटला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या काही दिवसांच्या प्रार्थना-शिबिराला, गेल्यावर विसावा मिळतो की दिवसभर नुसती प्रवचनंच? ते प्रकारावर आहे. केरळात चालकुडीजवळ मुरिंगूरला जे रिट्रीट केंद्र आहे, तिथं मोठा समुदाय, गाणी, प्रवचनं. सोबत भरपूर, निवांतपणा बेताचा. थकला असाल तर जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) पद्धतीची मौन रिट्रीट बघा. या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात आखलेला मूळ क्रम ३० दिवसांचा, पण ८ दिवसांचीही होते. जेवतानासुद्धा बोलायचं नाही, दिवसातून एकदा मार्गदर्शक फादर किंवा सिस्टरशी भेट. सुरुवातीला कित्येक जणी नुसत्या झोपा काढतात, आणि त्याला कुणी हरकत घेत नाही! ओळखीपाळखी मात्र मौन सुटल्यावरच. मग जो कलकलाट होतो तो ऐकावा. आणि हो, घरी आधीच बजावून ठेवा: ‘मिसळणाचा डबा कुठंय’ म्हणून फोन करायचा नाही.