दगडी छताखाली ऐकलेलं, पाहिलेलं

मागच्या महिन्यात इंग्लंडमधल्या एका गावातल्या जुन्या चर्चमध्ये अँबियंट संगीताची मैफल ऐकली. ठेका नाही, चाल नाही. कमानींवर संथ सरकणारा निळा-जांभळा प्रकाश आणि सिंथेसायझर. वादिका एक सूर लावून हात बाजूला घ्यायची आणि छताखाली तो पुरता विझेपर्यंत पुढचा लावायची नाही. लहानपणी गाभाऱ्यात घंटेचा नाद संपेपर्यंत आजी मला हलू द्यायची नाही, ते आठवलं. तुमच्याकडे असे अनुभव असतील तर लिहा. वास्तूमुळे ऐकण्यात काय बदललं, हे मला खास जाणून घ्यायचंय.

*

कॅनडात मॉन्ट्रियलच्या नोत्र-दाम बॅसिलिका या चर्चमध्ये 'ऑरा' पाहिला. २०१७पासून तिथे हा प्रकाश-संगीताचा खेळ होतो. संगीत अँबियंट नाही, वाद्यवृंदाचं आहे. आधी आपण मोकळे फिरतो, मग बाकांवर बसायचं. छत मुळातच निळं, त्यावर सोनेरी तारे. प्रकाशरेषा खांबांवरून चढत त्या ताऱ्यांपर्यंत गेल्या तेव्हा शेजारच्या आजी रडत होत्या.

मी वसईचा कॅथलिक, मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकत वाढलो. वेदीवर प्रकाशाचे खेळ चालतील का, ही धास्ती होती. पहिली पाच मिनिटं अवघडलोच. मग लक्षात आलं, की तिथल्या वेदीवरच्या ज्या लाकडी मूर्तींकडे मी दर रविवारी नुसता नजर टाकून जायचो, त्यांच्यावर उजेड एकेक करून थांबत होता. आता मिस्सेला गेलो की त्या नीट बघतो. तरी असले खेळ उपासनेच्या वेळेपासून लांबच राहावेत, असं माझं ठाम मत आहे.

*

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. जर्मनीत शिकताना अशा एका कार्यक्रमाच्या प्रोजेक्शनचं काम केलं. जुन्या भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नसते, त्यामुळे सगळे प्रोजेक्टर स्टँडवर. काळपट दगड प्रकाश पिऊन टाकतो, चुन्याची भिंत मात्र भरभरून परत देते. म्हणून आम्ही बारीक नक्षी सोडून मोठे, सावकाश बदलणारे रंग घेतले. ध्वनीवाल्यांचीही तीच कथा. टाळी वाजवली की कितीतरी सेकंद घुमत राही. तिथे जलद वाजवलं की सूर एकमेकांत कालवले जातात आणि खर्ज सगळ्यांना गिळतो. त्यांनी खर्जाचा आवाज कमी केला, दोन सुरांमधली जागा वाढवली. संथपणा त्या इमारतीनेच ठरवून दिला होता.

*

हे वाचून जर्मनीतलं हालबरश्टाट आठवलं. तिथल्या सेंट बुर्खार्डी चर्चमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची 'शक्य तितकी संथ' वाजवायची ऑर्गन-रचना सुरू आहे: सुरुवात ५ सप्टेंबर २००१, शेवट २६४०मध्ये! १३६१ साली त्या गावात एक ऑर्गन उभा राहिला. तिथून २००० सालापर्यंतची ६३९ वर्षं, तेवढाच अवधी रचनेला दिला. सुरुवातीला विराम असल्याने पहिला सूर फेब्रुवारी २००३मध्ये उमटला. पट्ट्या वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवलेल्या असतात.

मी गेले तो साधा दिवस होता, आत आम्ही चौघंच. प्रोजेक्शन नव्हतं, खिडकीतला उजेड तेवढा. एका जागी उभं राहिलं की स्वर स्थिर. चार पावलं चाललं की वेगळेच सूर वर येतात. तासभर मी नुसती चालत होते. तानपुऱ्याच्या जवारीत कान घालून बसणाऱ्याला हे लगेच कळेल. ५ फेब्रुवारी २०२४ला स्वर बदलला, त्यानंतरचा बदल ५ ऑगस्ट २०२६चा. बाबांना म्हटलं, या तारखेला जाऊ. ते म्हणाले, "बघू, तब्येत साथ देईल तर." त्या चर्चमध्ये उभं राहून ते वाक्य फार जड वाटलं.

*

इंग्लंडमधल्या ईलीच्या कॅथेड्रलमध्ये २०१९ साली कलावंत ल्यूक जेरम यांनी बनवलेला सात मीटरचा चंद्र टांगला होता, सोबत डॅन जोन्स यांचं संगीत. एक सेंटिमीटर म्हणजे चंद्रावरचे पाच किलोमीटर. आईला मोतीबिंदूमुळे धूसर दिसायचं. ती म्हणाली, "मला नुसता उजेड दिसतोय, पण आवाज कुठून कुठे जातोय ते सगळं कळतंय." नंतर तिने डोळे मिटूनच ऐकलं.

*

जाणार असाल तर शाल घ्या. उन्हाळ्यातही दगडी फरशी गार असते, आणि अशा ठिकाणी तास-दीड तास हलायचं मन होत नाही.