लाल गाठ: वाट पाहावी, पण कुठवर?

बाळाच्या अंगावर लाल गाठ दिसली की "आपोआप जाते, काही करू नका" असं सांगितलं जातं; हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ही लालभडक गाठ, म्हणजे हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ), बहुतेकदा विरते खरी; पण त्याला काही वर्षं लागतात आणि वाढ मात्र पहिल्या ५ महिन्यांतच बरीचशी उरकते. म्हणून पापणी, नाक किंवा ओठावर असेल, चिघळली असेल, तर थांबू नका, लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पापणीवरच्या गाठीने नजर कायमची अधू होऊ शकते. ५ किंवा जास्त गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात.

प्रोप्रॅनोलॉल हे मूळचं हृदयाचं औषध इथे चालतं, हे २००८ साली फ्रान्समधून पुढे आलं (तेही योगायोगानेच!). ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि दूध पाजूनच द्यायचं, कारण उपाशीपोटी रक्तातली साखर उतरू शकते. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.