पंचायतीच्या फलकावरची नोटीस कुणासाठी असते?

खानापूरकर

सत्ता विचार दाबते म्हटलं की आपल्याला जाळलेली पुस्तकं आणि तुरुंगातले संपादक आठवतात. तसं झालेलं आहेच. टिळकांना १८९७ आणि १९०८ साली लेखांपायीच शिक्षा झाली. आपल्या कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात मात्र हे काम आवाज न करता चालतं. कागद कोणी लपवत नाही, सरळ पंचायतीच्या फलकावर लावतात. ज्याची जमीन जाणार त्याला तो वाचता येत नाही, एवढंच.

गेल्या साली आमच्या गावात रस्त्यासाठी जमीन घेण्याची अधिसूचना लागली. सगळी कन्नडमध्ये. मालकांची नावं, हरकत कुठे द्यायची, कधीपर्यंत द्यायची, सगळं. सत्तरीतली माणसं चष्मा वरखाली करत फलकापुढे उभी होती. शेवटी एका एजंटाने पाचपाचशे रुपये घेऊन प्रत्येकाला त्याचं नाव आहे की नाही ते सांगितलं. हरकतीला मुदत असते हे त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला ६० दिवस आहेत. त्याच कायद्यात अधिसूचना पंचायतीत स्थानिक भाषेत लावायची असंही लिहिलंय. पिढ्यानपिढ्या मराठी बोलणाऱ्या गावाची स्थानिक भाषा कोणती, हे त्या गावाला विचारायला नको?

भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९५६ सालीच ठरवून दिलंय की जिथे अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषक १८ टक्क्यांच्या वर आहेत. खानापूर तालुक्यात तर आपण बहुसंख्य आहोत.

आता जे लिहितोय ते काहींना झोंबेल. माहिती सरकारच अडवतं असं नाही, आपले पुढारीही अडवतात. दर १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत, आपण सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल फेटाळल्याच्या घोषणा देतो. तो १९६७ चा अहवाल वाचलेली माणसं गावात किती? बेळगाव कर्नाटकात ठेवून २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत असं त्यात होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? महाराष्ट्राचा सीमेबद्दलचा २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा कुठे अडलाय असं सभेत एका पोराने विचारलं, तर त्याला फितूर म्हणून खाली बसवलं. वाचून दाखवणारा एकच असला की बाकीच्यांना तो सांगेल तेच खरं मानावं लागतं. तो कचेरीतला असो नाहीतर स्टेजवरचा.

यावर तुमचं काय म्हणणं आहे?

टिळकवाडी_वाचक

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय. माझी मातृभाषा मराठी आहे आणि तुमच्याशी माझा ठाम मतभेद आहे.

राज्याचा कारभार राज्याच्या भाषेत चालणार. अक्कलकोट, जत भागातल्या कन्नड माणसाला सातबारा मराठीतच मिळत आलाय. त्याच्यावर वैचारिक दडपशाही होते असं आपण कधी म्हणालो का? १९५६ पासून तीन पिढ्या गेल्या. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात आपण कन्नड बोलतो. मग लिपी शिकायला काय हरकत आहे? मन लावलं तर काही महिन्यांत नोटीस वाचण्यापुरती येते. आपल्या घराघरांत कन्नड वाचणं म्हणजे शरणागती असं शिकवलं गेलं. ज्ञान अडवलं म्हणता, तर ही कडी आतून लावलेली आहे.

सीमावासी

खानापूरकर, तुमचा पहिला अर्धा भाग पटला. दुसऱ्या अर्ध्याने तुम्ही आमच्याच पायावर कुऱ्हाड मारलीत.

एकीकडे पोलीस, कोर्ट, शिक्षण खातं हातात असलेलं सरकार. दुसरीकडे वर्गणी काढून लाऊडस्पीकर लावणारी महाराष्ट्र एकीकरण समिती. या दोघांना एका पारड्यात घालता? १ जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात उतरलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक बघून या. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तर सरकारने महापालिकाच बरखास्त केली. निवडून आलेल्या लोकांनी कागदावर आपलं मत लिहिलं, एवढाच गुन्हा. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकावरून पोलिसांनी घराघरांत घुसून माणसांना मारहाण केली. जानेवारी २०२० मध्ये आपल्या गावातल्या साहित्य संमेलनांना महाराष्ट्रातून येणाऱ्या साहित्यिकांना बंदी घातली. कविता ऐकायला परवानगी लागते इथे!

असल्या वेळी सभेत उठून पुढाऱ्याला आडवा प्रश्न विचारला तर लोक चिडणारच. वेढा पडलेला असताना किल्ल्यात भांडणं लावत नाहीत.

निपाणीकर

वेढा पडलाय म्हणून प्रश्न विचारू नका, हे आमच्या लोकांनी फार वर्षं ऐकलंय. आधी स्वराज्य, मग तुमचं. आधी संयुक्त महाराष्ट्र, मग तुमचं.

माझी आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मुकादम मराठी, मालक मराठी, हिशेबाची वही मराठीत. आजीला अंगठ्यापलीकडे काही येत नव्हतं. त्या वहीत काय लिहिलंय हे तिला कधी कळलं नाही. भाषा तिचीच होती की! अक्षर तिच्यापर्यंत पोहोचू द्यायचं नाही हे गावाने ठरवलं होतं, आणि ते गाव मराठीच होतं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी शेजारच्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला, तेव्हा त्याला नाकं मुरडणारेही आपल्याच भाषेचे होते. १९२५ साली बाबासाहेब निपाणीला परिषदेसाठी आले, ते हेच सांगायला.

त्यामुळे नोटीस मराठीत लागली की ज्ञान मोकळं झालं, हे मला पटत नाही. मराठी नोटीसही गावातला पाटीलच आधी वाचतो.

चिकोडी_बॉय

एवढी चर्चा कशाला? मोबाइल काढा, फोटो मारा, दोन सेकंदांत भाषांतर. पहाणी (इथला सातबारा) ऑनलाइन मिळते, कायदे ऑनलाइन आहेत. आजच्या काळात कोण कुणाचं ज्ञान अडवतंय?

खानापूरकर

@चिकोडी_बॉय, भीमगड अभयारण्यातल्या गावांत जाऊन रेंज मिळते का बघ. आणि भाषांतरात ओळी कळतील, कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा आणि पोच घ्यायची ते नाही कळत.

@टिळकवाडी_वाचक, काका, मला कन्नड वाचता येतं. नोटीस मीच नंतर लोकांना वाचून दाखवली, तोवर निम्मी मुदत गेली होती. शिकावं हे बरोबर. पण सत्तर वर्षांच्या म्हातारीला ६० दिवसांत लिपी शिकून हरकत लिही म्हणणं न्याय नव्हे. जतच्या कन्नड शेतकऱ्यालाही नोटीस कन्नडमध्ये मिळाली पाहिजे, माझं म्हणणं तिकडेही तेच राहील.

शाळेतल्या_बाई

तुम्ही सगळे नोटिशीवर अडकलात. मी पाठ्यपुस्तकाबद्दल सांगते, कारण मुलांच्या डोक्यात काय जायचं ते तिथे ठरतं.

आमच्या मराठी शाळेत समाजशास्त्राचं पुस्तक राज्याचंच येतं, मराठीत केलेलं. २०२२ मध्ये पुस्तकांची फेररचना झाली. बसवेश्वरांवरच्या धड्यात काय घातलं, काय गाळलं यावरून मठांपासून लेखकांपर्यंत सगळे उठले. २०२३ मध्ये सरकार बदललं. तोवर पुस्तकं छापून वाटून झाली होती, म्हणून पुरवणी पुस्तिका आली. हे शिकवा, हे शिकवू नका. मी वर्गात सांगितलं, मुलांनो, या धड्यावर रेघ मारा. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हे खोटं होतं का?"

मी काय उत्तर देणार? खोटं म्हणावं तर गेल्या वर्षी मीच शिकवलं. खरं म्हणावं तर रेघ कशाला मारली? मी तिला म्हटलं, दोन्ही वाच आणि घरी मोठ्यांशी बोल. मला वरून विचारणा झाली असती तर ते उत्तरही चुकीचं ठरलं असतं. ज्ञानावरचा ताबा असा असतो. तो मराठी मुलावर आहे तसाच शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलावरही आहे. पक्ष बदलला की रेघेची जागा बदलते.

आणि एक. पालकांनी मुलं आधीच इंग्रजी शाळेत नेलीत. माझ्या वर्गातले बाक मोकळे पडले ते काही कन्नडसक्तीमुळेच नव्हे.

टिळकवाडी_वाचक

बाई, अगदी मनातलं लिहिलंत. याच मुद्द्यावर मला पुढे बोलायचंय.

आपल्या गावावरून जाणाऱ्या हायवेच्या एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला धारवाड. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घराच्या दारात मारलं. कलबुर्गी आणि पत्रकार गौरी लंकेश यांना एकाच पिस्तुलाने मारलं असं पुढे फॉरेन्सिक अहवालात आलं. पानसरेंसाठी बेळगावात मराठी माणूस हळहळला. कलबुर्गींसाठी किती हळहळले? त्यांनी आयुष्यभर काय लिहिलं हे आपल्याला माहीतच नव्हतं. १९८९ मध्ये त्यांच्याच समाजातल्या धुरीणांच्या दबावाखाली त्यांना वचन साहित्यावरचं आपलं संशोधन मागे घ्यावं लागलं होतं. म्हणजे तुकोबांची गाथा बुडवली त्याच जातीचा प्रकार, कन्नडमध्ये.

ती वचनं ताडपत्रांवर, घराघरांतल्या जुन्या बाडांत पडून होती. विजापूरच्या फ. गु. हळकट्टींनी वकिली बाजूला ठेवून ती गोळा केली आणि पहिला खंड १९२३ साली छापला तो आपल्या बेळगावातच. बाराव्या शतकात कुंभार, चांभार, दोरखंड वळणाऱ्या बायाबापड्यांनी रचलेली वचनं आहेत ती. निपाणीकर म्हणतात ते अक्षर त्यांनी तेव्हाच हिसकावून घेतलं होतं. आपण ती भाषा शत्रूची म्हणून बाजूला ठेवली. हे नुकसान कुठल्या सरकारने केलं?

सीमावासी

काका, बसवेश्वरांबद्दल मला आदरच आहे. वचनं कुणी बंदूक न रोखता वाचायला दिली असती तर आम्ही आवडीने वाचली असती. सक्तीने आलेली भाषा माणूस प्रेमाने शिकत नाही.

आम्ही महाराष्ट्रात असतो तर निदान आमच्या भाषेत बोलायला मोकळे असतो.

निपाणीकर

महाराष्ट्रात मोकळे? डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कोबाड गांधींच्या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द केला, निवड समितीसकट. जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेत घुसून जमावाने हस्तलिखितांची नासधूस केली. तिथे कुठली कन्नडसक्ती होती?

सीमावासी

तुम्ही दिलेलं उदाहरणच माझ्या बाजूचं आहे. तो पुरस्कार रद्द झाल्यावर मराठी लेखकांनी राजीनामे दिले, पुरस्कार नाकारले. सरकारला मराठीत जाब विचारला आणि सरकारला मराठीत उत्तर द्यावं लागलं. हिंदीच्या सक्तीचे २०२५ चे दोन्ही शासन निर्णय लोक भांडले म्हणून २९ जूनला मागे घ्यावे लागले. सत्ता सगळीकडे दाबणारच. तिच्याशी कुठल्या भाषेत भांडायचं हा प्रश्न आहे. आम्ही इथे मराठीत ओरडलो तर बेंगळुरूच्या विधानसौधात ते कुणाला कळत नाही, आणि कळलं तर जमावबंदी लागते.

शाळेतल्या_बाई

हा मुद्दा मात्र मला मान्य आहे. भांडायला भाषा लागते.

निपाणीकर

लागते. आणि भांडायची हिंमतही लागते, ती अडाणी ठेवलेल्या माणसात कुठून येणार? माझा मुद्दा सोडलेला नाही.

खानापूरकर

आता एक कामाचं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत करता येतो. म्हणजे आपल्याकडे मराठी अर्ज नाकारायला त्यांना जागा आहे. पण लिहिता येत नसेल त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत करायची आहे, हेही त्याच कलमात आहे. आणि कलम ४(४) म्हणतं की माहिती लोकांपर्यंत पोहोचवताना स्थानिक भाषेचा विचार करायचा. या आधारावर पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय: प्रत्येक नोटीस फलकावर कन्नड आणि मराठी दोन्हींत, शिवाय वॉर्डसभेत मोठ्याने वाचून. निपाणीकर, मोठ्याने वाचायचा भाग तुमच्यामुळे घातलाय.

टिळकवाडी_वाचक

ठराव कन्नडमध्येही लिहा, नाहीतर वरच्या कचेरीत पडून राहील. मसुदा पाठवा, कायदेशीर शब्द मी बघून देतो. माझं मूळ मत तेच आहे, लिपी शिकून घ्या.

सीमावासी

कन्नडमध्ये ठराव लिहिणार असाल तर माझा विरोध आहे. मराठी गावाच्या ग्रामसभेने कन्नड ठराव केला की उद्या तोच कागद पुढे करून म्हणतील, बघा, गावाला कन्नड येतं. दावा अजून कोर्टात आहे हे विसरू नका. मी उठून विरोध करणार.

खानापूरकर

या आणि करा. तुमचा विरोधही इतिवृत्तात घालू, मराठीत.